इंजिन खोलण्यापूर्वी: जुन्या मोटारीच्या घर्षणहानीचा आकडा दर वेळी वेगळा का येतो?

मुंबईत जुनी मोटार सांभाळणाऱ्या मंडळींकडून एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत ऐकू येते. इंजिनाचे काम करून घेतले, बोअर करून नवे रिंग-पिस्टन बसवले, बेअरिंगचे शेल बदलले, आणि तरीही गाडी पूर्वीसारखी ओढत नाही. एक मेकॅनिक सांगतो की इंजिन अजून टाइट आहे, चालवत राहा, आपोआप मोकळे होईल. दुसरा सांगतो की बेअरिंग आवळून बसले आहे, पुन्हा खोलावे लागेल. या वादाचा निकाल लागावा म्हणून मालक घर्षणहानी मोजून घेतो, तर पहिल्या मापात ती पाच किलोवॉट भरते, पंधरवड्याने साडेसहा भरते, आणि मधल्या काळात इंजिनाला कोणी पानाही लावलेला नसतो.

असा बदलता आकडा हाती आला की बहुतेक जण मापनयंत्राला किंवा मेकॅनिकला दोष देतात. बहुतांश वेळा दोष दोघांचाही नसतो. तेलाचे तापमान, थ्रॉटलची (इंजिनात जाणारी हवा आवरणाऱ्या झडपेची) स्थिती आणि मापनाच्या वेळी इंजिनाला काय काय जोडलेले होते, या तीन गोष्टी दोन्ही दिवशी सारख्या नसतात, आणि त्यांची नोंद कोणी ठेवलेली नसते. त्या एकदा बांधून घेतल्या की आकडा स्थिरावतो. त्या स्थिरावलेल्या आकड्यावरूनच इंजिन खोलायचे की नाही हे ठरवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

उदाहरणासाठी मी कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून बाहेर पडलेली पद्मिनी घेतो. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपातली पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून गेली, पण खासगी मालकांनी जपलेल्या गाड्या अजून आहेत, आणि पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या गाड्यांना २०२१ च्या नियमांनुसार ‘विंटेज’ म्हणून नोंदणीही मिळू शकते. तिचे इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे, ६८ मिलिमीटर बोअर आणि ७५ मिलिमीटर स्ट्रोकचे, चार सिलिंडरांचे आणि पुशरॉडवर चालणाऱ्या व्हॉल्व्हांचे आहे. अँबॅसडर किंवा त्याहून जुन्या गाड्यांना हीच रीत लागू पडते, फक्त आकडे बदलतात.

अपेक्षित हानी किती?

सिलिंडरमध्ये तयार झालेल्या शक्तीतून क्रँकच्या टोकाला मिळालेली शक्ती वजा केली की जी उरते तिला आपण ढोबळपणे घर्षणहानी म्हणतो. प्रत्यक्षात त्या वजाबाकीत पिस्टन, रिंगा, बेअरिंगे आणि व्हॉल्व्ह यांचे खरे घर्षण असते, हवा आत ओढण्या-बाहेर ढकलण्याचा खर्च असतो, आणि तेलपंप, पाणीपंप, पंखा व डायनॅमो यांचाही वाटा असतो. खऱ्या घर्षणाचा साधारण निम्मा भाग एकट्या पिस्टन-रिंगांकडे जातो, म्हणून रिंग-पिस्टनच्या कामानंतर आकडा हलणे स्वाभाविक आहे.

सुमारे ८५० ते २००० घनसेंटिमीटरच्या चार सिलिंडरी पेट्रोल इंजिनांसाठी, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून इंजिन बाहेरून फिरवले असता येणाऱ्या हानीचे एक जुने आणि उपयोगी समीकरण आहे. फेऱ्यांचा वेग हजारांत घ्यावा, त्याला ०.१५ ने गुणावे. त्याच वेगाच्या वर्गाला ०.०५ ने गुणावे. दोन्हींच्या बेरजेत ०.९७ मिळवावे. येणारा आकडा बारमध्ये असतो आणि तो पिस्टनवर सरासरी किती दाब घर्षणात खर्ची पडतो हे सांगतो. मिनिटाला २००० फेऱ्यांना हा दाब १.४७ बार येतो. पद्मिनीच्या घनफळाला तो सुमारे १२.७ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) आणि २.७ किलोवॉट शक्ती इतका भरतो. ३००० फेऱ्यांना १.८७ बार, म्हणजे सुमारे १६ न्यूटन-मीटर आणि ५.१ किलोवॉट. वेग दीडपट झाला आणि खर्च जवळपास दुप्पट, ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण दोन मापे वेगवेगळ्या आरपीएमवर घेऊन त्यांची तुलना करणारे लोक मी पाहिले आहेत.

हे समीकरण म्हणजे कायदा नव्हे. जुन्या रचनेचे, जाड रिंगांचे इंजिन त्याहून वीस टक्के वर गेले तर मी लगेच पाना उचलणार नाही. पण दीडपट गेले आणि सर्व अटी पाळूनही तिथेच राहिले, तर मात्र शोध घ्यायला हवा.

पहिली तपासणी: तेल किती तापले होते?

सर्वांत मोठा घोळ इथे होतो. २०डब्ल्यू-५० जातीचे तेल १०० अंश सेल्सिअसला १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक इतके दाट असते. तेच ४० अंशांना साधारण आठ-नऊ पट दाट असते. बेअरिंगमध्ये तेलाचा पूर्ण थर तयार झाल्यावर तिथला खर्च जवळजवळ थेट या दाटपणावर चालतो. म्हणजे ५५ अंशांच्या तेलावर घेतलेले माप आणि ९० अंशांच्या तेलावर घेतलेले माप ही जणू दोन वेगळ्या इंजिनांचीच मापे होत.

अडचण अशी की डॅशबोर्डावरचा काटा पाण्याचे तापमान दाखवतो. पाणी काही मिनिटांत तापते. संपमधले, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या भांड्यातले, तेल त्याच्या बरेच मागे रेंगाळते. काटा मध्यावर आला म्हणजे इंजिन गरम झाले, असे समजून घेतलेल्या मापावर विसंबू नये. यासाठी मल्टिमीटरला लागणारा के-जातीचा बारीक थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, घ्यावा. लॅमिंग्टन रोडवर तो सहज मिळतो. तेलाची पट्टी बाहेर काढून थर्मोकपलची तार तिच्या शेजारी धरावी, पट्टीवरच्या वरच्या खुणेपर्यंतची लांबी मोजून तारेवर चिकटपट्टीची खूण करावी, आणि त्या खुणेपर्यंतच तार नळीत सोडावी. त्याहून खोल सोडली तर ती फिरत्या क्रँकच्या वजनाला लागण्याचा धोका असतो. नळीचे तोंड कापडाच्या बोळ्याने बंद केले की पुरे. मी माप ८० ते ८५ अंशांच्या दरम्यानच घेतो आणि त्या पट्ट्याबाहेरचे माप लिहूनही ठेवत नाही.

याच ठिकाणी मुंबईतली एक जुनी खोड आडवी येते. गाडी गरम होते अशी तक्रार आली की इथे बऱ्याच गॅरेजांत थर्मोस्टॅट (पाण्याचे तापमान बांधून ठेवणारी झडप) काढून टाकतात आणि नळी तशीच जोडतात. ट्रॅफिकमध्ये काही काळ बरे वाटते, पण त्यानंतर ब्लॉकचे तापमान कशानेच बांधलेले राहत नाही. जानेवारीच्या सकाळी मोकळ्या रस्त्यावर पाणी साठ अंशांच्या वर चढत नाही, आणि मे महिन्यात दुपारी परळच्या पुलाखाली अडकले की शंभराकडे धावते. सिलिंडरची भिंत थंड राहिली की रिंगांखालचे तेल दाट राहते आणि रिंगांचे घर्षण वाढते. मालकाला मात्र बोअर घट्ट झाल्याची शंका येते. लालबागच्या एका गॅरेजात अशाच एका पद्मिनीचे हेड उतरवायची तयारी पूर्ण झाली होती. पाण्याच्या वरच्या जोडाचे दोन नट सोडले, तर आत थर्मोस्टॅटची जागा रिकामी होती. नवा बसवला, तेलाचे तापमान बांधले, आणि घर्षणाचा आकडा अपेक्षित पट्ट्यात आला. हेड जागच्या जागी राहिले. म्हणून घर्षणाविषयी तक्रार आली की मी आधी थर्मोस्टॅट आहे का, हे विचारतो.

पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या गाडीबद्दल वेगळी काळजी घ्यावी लागते. संपमध्ये ओलावा साचून तेल दुधट होते, आणि समुद्राजवळच्या इमारतींत उभ्या असलेल्या गाडीच्या रिंगा व ब्रेक ड्रम गंजतात. अशा गाडीचे तेल बदलून, ती नीट चालवून झाल्याशिवाय मापनाला हात घालू नये.

दुसरी तपासणी: थ्रॉटल उघडा की बंद?

कार्ब्युरेटरच्या इंजिनात थ्रॉटल बंद असला की इनटेक मॅनिफोल्डमध्ये पोकळी तयार होते, आणि पिस्टनला त्या पोकळीविरुद्ध खाली यावे लागते. व्हॅक्यूम गेजवर १८ इंच पारा दिसला, तर तो साधारण ६० किलोपास्कल होतो. पद्मिनीच्या घनफळाला त्याचा अर्थ सुमारे ५ न्यूटन-मीटरचा जादा विरोध असा निघतो. हा विरोध घर्षणाचा मुळीच नाही, तरी मापात तो घर्षणाच्याच खात्यावर पडतो. एका दिवशी थ्रॉटल बंद ठेवून आणि दुसऱ्या दिवशी उघडून घेतलेल्या मापांत चाळीस टक्क्यांचा फरक पडला, तर त्यात नवल नाही.

उपाय सोपा आहे. दोन्ही स्थितींत माप घ्यावे आणि दोन्ही वेगळे लिहावेत. त्यांतला फरक व्हॅक्यूम गेजवरून काढलेल्या फरकाशी जुळला, तर आपले मापन विश्वासार्ह आहे असे समजावे. जुळला नाही, तर इंजिनावर शंका घेण्याआधी मोजण्याची पद्धत तपासावी.

तिसरी तपासणी: इंजिनाबरोबर आणखी काय फिरत होते?

एकाच पट्ट्यावर डायनॅमो, पाणीपंप आणि पंखा फिरतात. पट्टा जास्त ताणला की त्याचा भार पुढच्या बेअरिंगांवर येतो. बॅटरी उतरलेली असेल, तर डायनॅमो जास्त विद्युतप्रवाह देतो आणि तितकीच जास्त शक्ती खातो. पंख्याचा खर्च वेगाच्या घनाप्रमाणे वाढतो. म्हणून एक माप पट्ट्यासह आणि एक पट्टा काढून घ्यावे. पट्टा काढलेला असताना पाणी फिरत नाही, तेव्हा ते माप मिनिटभरात उरकावे.

गिअरबॉक्स हा लपून बसलेला भागीदार आहे. न्यूट्रलमध्ये क्लच न दाबता इंजिन फिरते, तेव्हा गिअरबॉक्सचा पुढचा शाफ्ट आणि लेशाफ्ट दाट गिअर तेलात घुसळत असतात. क्लच दाबला तर ते सुटतात, पण मग क्लचच्या रिलीज बेअरिंगचा दाब क्रँकच्या थ्रस्ट वॉशरवर येतो. दोन्हींपैकी निर्दोष स्थिती एकही नाही. मात्र दोन्ही स्थितींतली मापे घेतली की गिअरबॉक्सचा वाटा साधारण उघड होतो. आणि क्लच दाबल्यावर घर्षण कमी होण्याऐवजी वाढले, तर क्रँकचा एंड-फ्लोट, म्हणजे त्याची पुढे-मागे सरकण्याची मोकळीक, ताबडतोब डायल गेजने तपासावा.

चाकांवरच्या डायनोत, म्हणजे गाडी रोलरवर चालवून शक्ती मोजणाऱ्या यंत्रात, तर याहूनही मोठी गर्दी असते: डिफरन्शियल, ब्रेकचे ड्रम, टायरचा रबर, आणि गाडी रोलरवर आवळून धरणाऱ्या पट्ट्यांचा ताण. ‘चाकावरच्या आकड्यात पंधरा टक्के मिळवा’ हा सल्ला मला निरुपयोगी वाटतो, कारण या हानीचा काही भाग भारावर अवलंबून असतो, काही वेगावर, आणि घासणाऱ्या ब्रेकचा भाग या दोहोंवर अवलंबून नसतो. चारही चाके जॅकवर उचलून हाताने फिरवून पाहावीत, आणि थोडी फेरी मारून आल्यावर चारही ड्रमांचे तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने पाहावे. एक ड्रम बाकीच्यांपेक्षा स्पष्टपणे गरम असेल, तर हरवलेली शक्ती तिथे आहे.

जुन्या माहितीपत्रकातल्या अश्वशक्तीशी तुलना करतानाही सावध राहावे. त्या काळात अनेक कारखाने पंखा, डायनॅमो आणि सायलेन्सर काढून इंजिन मोजत आणि तोच आकडा छापत. अमेरिकी कारखान्यांनी ही रीत १९७२ च्या सुमारास सोडली. तुमच्या परदेशी गाडीत ‘गेलेली’ शक्ती कदाचित तिच्यात कधी नव्हतीच.

मापनाची कोणती पद्धत धरावी?

प्रयोगशाळेत इंजिन विजेच्या मोटरने फिरवून मोजणे हा सरळ मार्ग आहे, पण तो सर्वांना परवडणारा नाही. चालू इंजिनाचे एकेक सिलिंडर बंद करून शक्ती किती घटते हे पाहण्याची मोर्स चाचणी गॅरेजांत लोकप्रिय आहे. तिच्याबद्दल मी थोडा कठोर आहे, त्याचे कारण गणितात आहे. चार सिलिंडरांच्या इंजिनात घर्षणहानी म्हणजे पूर्ण शक्तीची तिप्पट वजा एकेक सिलिंडर बंद केल्यावरच्या चार मापांची बेरीज. समजा ३००० फेऱ्यांना पूर्ण शक्ती २० किलोवॉट आहे आणि एक सिलिंडर बंद केल्यावर दर वेळी १३.७ किलोवॉट मिळते. तर ६० वजा ५४.८, म्हणजे ५.२ किलोवॉट हानी. आता २० च्या मापात एकच टक्का, म्हणजे ०.२ किलोवॉटची चूक झाली, तर ती तिप्पट होऊन हानीत ०.६ किलोवॉटची, म्हणजे जवळपास बारा टक्क्यांची चूक शिरते. एक टक्क्याइतका स्थिर राहणारा डायनो शहरात किती ठिकाणी मिळेल, याचा विचार वाचकांनी करावा.

तरीही मोर्स चाचणी करायचीच असेल, तर प्लगची वायर नुसती ओढून मोकळी सोडू नये. तिचे टोक इंजिनाच्या धातूला टेकवून ठेवावे, म्हणजे कॉइलवर ताण येत नाही आणि हाताला झटका बसत नाही. बंद सिलिंडरमधले न जळलेले पेट्रोल भिंतीवरचे तेल धुऊन काढते, तेव्हा प्रत्येक सिलिंडर थोडाच वेळ बंद ठेवावा. तेल धुतले गेले की त्या सिलिंडरचे घर्षण खरोखरच वाढते, आणि मापनानेच मोजायची वस्तू बिघडवली असे होते. या चाचणीचा खरा उपयोग दुबळा सिलिंडर ओळखण्यासाठी आहे. त्या कामाला ती उत्तम आहे.

निरनिराळ्या भारांवर इंधनाचा खप मोजून रेषा शून्यापर्यंत मागे ओढण्याची विलन्स पद्धत डिझेल अँबॅसडरसाठी चालेल. पेट्रोल इंजिनात भार बदलला की थ्रॉटल बदलतो, थ्रॉटल बदलला की पंपिंगचा खर्च बदलतो, आणि रेषा सरळ राहत नाही.

मला स्वतःला रन-डाउन चाचणी सर्वांत पटते. तापलेले इंजिन न्यूट्रलमध्ये २२०० फेऱ्यांपर्यंत न्यायचे, इग्निशन बंद करायचे आणि वेग कसा घसरतो ते नोंदवायचे. फिरत्या वस्तुमानाचा जडत्वाघूर्ण (फिरण्याचा वेग बदलण्याला त्याचा होणारा विरोध) आणि वेग घसरण्याचा दर यांचा गुणाकार म्हणजे विरोधाचा टॉर्क. समजा जडत्वाघूर्ण ०.१२ किलोग्रॅम-वर्गमीटर आहे आणि थ्रॉटल उघडा असताना विरोध १२ न्यूटन-मीटर आहे, तर २००० वरून १५०० वर यायला फक्त ०.५२ सेकंद लागतो. थ्रॉटल बंद असेल, तर ०.३७ सेकंद. इथे स्टॉपवॉचचे काहीही चालत नाही.

इग्निशन बंद झाल्यावर कॉइलचे स्पंदही थांबतात, त्यामुळे नेहमीचा टॅकोमीटर याच क्षणी कामाचा राहत नाही. क्रँकच्या पुलीच्या आतल्या बाजूला छोटे चुंबक इपॉक्सीने पक्के बसवावे, समोर कंसात हॉल सेन्सर (चुंबक समोरून गेले की स्पंद देणारा) धरावा, आणि त्याचे स्पंद योग्य रोधातून कमी करून लॅपटॉपच्या किंवा मोबाइलच्या ध्वनिमुद्रणात घ्यावेत. मुद्रण पडद्यावर मोठे केले की प्रत्येक फेऱ्याचे टोक वेगळे दिसते आणि दोन टोकांमधला काळ मिलिसेकंदाच्या अंशापर्यंत वाचता येतो. चार सिलिंडरांचे कॉम्प्रेशन सारखे नसल्याने एकेक फेरा थोडा मागेपुढे होतो. म्हणून दोन-दोन फेऱ्यांची जोडी घ्यावी, कारण दोन फेऱ्यांत चारही सिलिंडरांचे चक्र पुरे होते. चुंबक सुटले तर ते गोळीसारखे उडते, तेव्हा बॉनेटजवळ तोंड नेऊन उभे राहू नये.

थ्रॉटल उघडा ठेवून रन-डाउन घेताना न जळलेले मिश्रण सायलेन्सरमध्ये साचते. लगेच स्टार्टर मारला, तर सायलेन्सरमध्ये स्फोटासारखा आवाज होतो आणि कधी त्याची शिवणही उसवते. दोन मापांमध्ये थोडा अवकाश द्यावा.

गाडीची तुलना तिच्याच जुन्या मापाशी करायची असेल, तर जडत्वाघूर्ण माहीत असण्याची गरजच नाही; वेळेचे गुणोत्तर पुरते. न्यूटन-मीटरमध्येच उत्तर हवे असेल, तर क्लचच्या कामासाठी फ्लायव्हील उतरेल तेव्हा ते सारख्या लांबीच्या तीन तारांवर आडवे टांगावे, किंचित पिळून सोडावे आणि हेलकाव्याचा काळ मोजावा. वस्तुमान, गुरुत्वत्वरण, तारा ज्या वर्तुळावर बांधल्या त्याच्या त्रिज्येचा वर्ग आणि काळाचा वर्ग यांच्या गुणाकाराला तारेची लांबी आणि ‘पाय’च्या (π) वर्गाची चौपट यांनी भागले की फ्लायव्हीलचा जडत्वाघूर्ण मिळतो. क्रँक, क्लच आणि रॉडांचा वाटा त्यात वेगळा मिळवावा लागतो.

आर्द्रतेचा गैरसमज

जुलैत डायनोवर शक्ती कमी भरली म्हणून घर्षण वाढले, असा निष्कर्ष काढणे मुंबईत विशेष सोपे आणि विशेष चुकीचे आहे. ३२ अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रतेला हवेतल्या बाष्पाचा दाब सुमारे ३.८ किलोपास्कल असतो. जानेवारीत २५ अंश आणि ५० टक्क्यांना तो १.६ च्या आसपास राहतो. तितकी जागा कोरड्या हवेऐवजी बाष्प व्यापते, आणि गरम हवा मुळात विरळही असते. शक्ती घटते, घर्षण तेवढेच राहते. डायनोचे सॉफ्टवेअर सुधारणा करून देते खरे. पण एसएई जे१३४९ या अमेरिकी मानकाचे प्रचलित समीकरण इंजिनाची यांत्रिक कार्यक्षमता ८५ टक्के गृहीत धरते, आणि जुन्या इंजिनात ती त्याहून कमी असू शकते. त्यामुळे सुधारलेल्या आकड्यांच्या वजाबाकीतून घर्षण काढू नये. समुद्रसपाटीवर असल्याने उंचीची सुधारणा मात्र आपल्याला जवळपास लागत नाही. पुण्याच्या डायनोशी तुलना करणाऱ्यांनी ती विसरू नये.

घर्षण खरोखरच जास्त निघाले तर

सर्व अटी पाळून दोन वेगळ्या दिवशी माप जुळले आणि तरीही ते अपेक्षेच्या दीडपट असेल, तर इंजिन खोलण्याआधी प्लग काढून क्रँक हाताने फिरवून पाहावा. त्यासाठी काट्याचा किंवा डायलचा टॉर्क पाना लागतो. नागदेवी स्ट्रीटवर दोन्ही मिळतात. क्लिक करणारा पाना इथे उपयोगाचा नाही, कारण तो फिरत असतानाचा टॉर्क दाखवत नाही. पाना क्रँकच्या पुढच्या नटावर, इंजिनाच्या फिरण्याच्या दिशेने, सावकाश आणि एका लयीत फिरवावा. पहिल्या हलण्याला लागणारा मोठा आकडा सोडून द्यावा आणि त्यानंतरचा स्थिर आकडा लिहावा. काटा प्रत्येक फेऱ्यात एकाच कोनाला उचलला जात असेल, तर वाकलेला क्रँक, वाकडा रॉड किंवा एखादी घट्ट कॅप अशी शंका धरावी. काटा सर्वत्र सारखाच वर असेल, तर पिस्टनची फट, रिंगांची तोंडे किंवा आवळलेला पट्टा यांच्याकडे पाहावे.

स्टार्टरचा प्रवाह मोजणे हा त्याला पूरक मार्ग आहे. मात्र लोहार चाळीत स्वस्तात मिळणारे अनेक क्लॅम्प मीटर फक्त एसी प्रवाह मोजतात; डीसी मोजणाराच घ्यावा, आणि बॅटरी दर वेळी पूर्ण भरलेली असावी.

इंजिन पुन्हा बांधायची वेळ आलीच, तर बांधतानाच मापे घ्यावीत, कारण दोष शोधण्याची इतकी सोयीची संधी पुन्हा मिळत नाही. फक्त क्रँक बसवून, मुख्य कॅप ठरलेल्या टॉर्कला आवळल्यावर तो बोटांनी फिरायला हवा. पद्मिनीच्या क्रँकला तीन मुख्य बेअरिंगे आहेत. एकेक कॅप आवळून फिरवत गेले की कोणती अडते ते लगेच कळते, आणि कॅपांची अदलाबदल किंवा उलटी बसवलेली कॅप तिथेच पकडली जाते. त्यानंतर एकेक पिस्टन घालून प्रत्येक वेळी टॉर्क लिहावा. चारही पिस्टनांनी जवळपास सारखी भर घालायला हवी. तिसऱ्याने दुप्पट भर घातली, तर त्याच सिलिंडरची फट, त्याच रिंगांची तोंडे आणि त्याच रॉडचा सरळपणा तपासावा. बाकीच्या तिघांना हात लावण्याचे कारण नाही. रिंगांच्या तोंडाची फट बोअरच्या दर इंचाला साधारण तीन ते चार थाऊ (इंचाचा हजारावा भाग) धरतात. ६८ मिलिमीटरच्या बोअरला ती पाव मिलिमीटरच्या आसपास येते. बोअरिंगवाल्याकडे पिस्टन न देता नुसते माप सांगून बोअर करून आणलेला ब्लॉक मी कधीही तसाच बांधू देत नाही.

याच्या उलट, घर्षण अपेक्षेपेक्षा फारच कमी निघाले तर आनंद मानण्याची घाई करू नये. झिजलेल्या रिंगांचे, पोकळ झालेल्या बेअरिंगांचे इंजिन हाताला छान मोकळे लागते. अशा वेळी कॉम्प्रेशन आणि गरम तेलाचा दाब पाहावा. दोन्ही कमी असतील, तर ते मोकळेपण झिजेचे आहे.

घर्षण योग्य पट्ट्यात आहे आणि तरी गाडी ओढत नाही, ही तिसरी शक्यता प्रत्यक्षात सर्वांत जास्त आढळते. मग इग्निशनचा अ‍ॅडव्हान्स, टॅपेटची फट, टायमिंग चेनचे ढिलेपण, कार्ब्युरेटरचे जेट आणि आतून कोसळलेला सायलेन्सर या क्रमाने जावे. सायलेन्सर चोंदला असेल, तर एक्झॉस्टचा पाइप मॅनिफोल्डपाशी सैल करून क्षणभर इंजिन वाढवल्यावर फरक लगेच कानाला कळतो.

नव्या बांधणीनंतरचे पहिले माप गाडी काही शेकडो किलोमीटर चालल्यावर, पहिले तेल बदलून आणि पुढेही तेच वापरायचे तेल भरून घ्यावे. नोंदवहीत तारीख, तेलाची जात, तेलाचे व पाण्याचे तापमान, थ्रॉटलची स्थिती, पट्टा होता की नाही, क्लच दाबला होता की नाही, आणि २००० वरून १५०० वर येण्याचा वेळ इतके लिहावे. पुढच्या वर्षी ‘इंजिन टाइट वाटते’ असे कोणी म्हणाले, तर त्याच अटींवर माप घेऊन त्या पानाशी ताडून पाहता येईल.